तिसरं पान

सोमवार, १४ जानेवारी

आज शिक्षकांच्या खोलीत हातातला चहाचा पेला फेकून मारावासा वाटला. मारला नाही, कारण पेला शाळेचा होता आणि डोकं मुख्याध्यापकांचं.

मुख्याध्यापक सी बुअज्जा यादी घेऊन बसले होते. एप्रिलमध्ये प्रांताची परीक्षा आहे. वीसपैकी बारा मिळाले की पुढच्या वर्षी शहरात गणित शाखेत प्रवेश. आमच्या या डोंगरातल्या हायस्कुलात ती शाखाच नाही, तेव्हा इंजिनियर व्हायचं असेल तर हीच एक वाट. यादीत बारा नावं होती आणि बाराही गावातलीच. औषधवाल्याची लीना, वनाधिकाऱ्याचा मुलगा वगैरे. वसतिगृहात राहणाऱ्या माझ्या सात मुलींपैकी एकही नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, "नाजिहा, त्या पोरी साहित्य शाखेत सुखी राहतात. उगाच कशाला त्यांना चढावर पळवायचं?"

चढावर म्हणे. त्या सातांतली तूदा सुट्टीला घरी जाते तेव्हा बर्फातून तीन तास चढते. तिला हे चढ शिकवणार. त्यांना स्वतःला शाळेच्या पायऱ्या चढताना दोनदा थांबावं लागतं.

मी म्हटलं, तूदाचं नाव घाला. गेल्या सत्रात तिला सतरा आहेत, लीनालाही सतराच आहेत. बुअज्जांनी सी अल्लालकडे पाहिलं. हे दुसऱ्या तुकडीला गणित शिकवतात, निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत, आणि बोलणं असं की दगड बरा. संत्रं सोलता सोलता म्हणाले, "लल्ला नाजिहा, तुमच्या तुकडीतले दोन सतरा एका झाडाचे दिसत नाहीत."

‘लल्ला’ म्हणत आदर दाखवायचा आणि वर हे! तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे मी गुणांची खिरापत वाटते? चांगला तास-दीड तास वाद घातला. शेवटी तूदाचं नाव तेरावं म्हणून चढलं. मी जिंकले.

रविवार, २० जानेवारी

दिवसभर बर्फ. शेगडीपाशी बसून आठवड्याची सरावपत्रकं तयार केली. नेहमीप्रमाणे तीन पानं. पहिल्या दोनांत रीत आणि साधी उदाहरणं, तिसऱ्यावर ‘सिद्ध करा’ची अवघड गणितं. वसतिगृहाच्या सात जणींच्या प्रतींतून तिसरं पान काढून ठेवलं आणि दोनच पानं टाचली. त्यांना पाचला परत जाऊन झाडलोट, भांडी, लाकडं, सगळं असतं. गणित शिकायचं ते फ्रेंचमधून, आणि घरी तर अरबीसुद्धा नाही, डोंगरातली तमाझिग्त. किती ओझं घालायचं एखाद्या जिवावर? चाचणीचा कागदही त्यांच्यासाठी मी वेगळा काढते. हे मी कुणाला सांगत नाही. सांगून कळणार आहे का कुणाला?

इथे आले त्या पहिल्या वर्षी इज्जा नावाची मुलगी होती. फेससारख्या मोठ्या शहरातून नवीन आलेली मी, सगळ्यांना एकाच मापाने मोजत होते. चाचणीत तिला वीसपैकी तीन दिले, लाल शाईने. ती सुट्टीला घरी गेली ती परत आलीच नाही. वसंतात तिचं लग्न झाल्याचं कळलं. तेव्हाच ठरवलं की माझ्या हातून पुन्हा एकही मुलगी अशी पडणार नाही. सात वर्षांत एकही पडलेली नाही. हे अल्लालांना कुणीतरी ऐकवा.

परवा तूदाने विचारलं होतं, लीनाचं पत्रक जाड का दिसतं. मी म्हटलं, ते त्यांच्यासाठी आहे ग, तुला आहे तेवढं पुष्कळ आहे. ती "बरं" म्हणाली. किती समजूतदार पोर.

शनिवार, ९ फेब्रुवारी

माणूस आहे की जनावर?

शनिवारचा जादा तास दोन्ही तुकड्यांना मिळून सी अल्लाल घेतात. आज त्यांनी तूदाला फळ्यापाशी बोलावलं. प्रश्न असा: लागोपाठच्या तीन संख्यांचा गुणाकार सहाने भागतोच, तो का? आणि मग स्वतः खुर्चीत बसून राहिले. ती खडू घेऊन उभी. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मागची मुलं खिदळायला लागली, तर त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि ती गप्प झाली. पण तिला "बस" म्हणाले नाहीत. पुरा एक तास, साठ मिनिटं! मी दाराच्या काचेतून पाहत होते. तिने लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. घंटा झाली तेव्हा हे उठले, काहीतरी पुटपुटले आणि डगला घालून निघून गेले. तूदा बाहेर आली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

मी तिला जवळ घेतलं. ती लाकडासारखी ताठ उभी राहिली. सोळा वर्षांची मुलगी, चाळीस जणांसमोर. याला शिकवणं म्हणतात?

मंगळवार, १२ फेब्रुवारी

लेखी तक्रार दिली. दोन पानं भरून. वसतिगृहाच्या मुलींना फळ्यापाशी उभं करून त्यांचा पाणउतारा करणं थांबवावं, नाहीतर मी प्रांताच्या निरीक्षकांकडे जाईन. बुअज्जा कटकटीला भितात. त्यांनी अल्लालना बोलावलं.

अल्लाल भांडले नाहीत, याचंच मला नवल वाटलं. चष्मा पुसत म्हणाले, "ठीक. यापुढे त्यांना मी काही विचारणार नाही. तुमचं समाधान होईल ना?"

होईल काय, झालं! मी वसतिगृहात जाऊन मुलींना सांगितलं की आता घाबरायचं नाही, शनिवारी तुम्हाला कुणी हात लावणार नाही. रब्हा आणि बाकीच्या हसल्या. तूदा भाकरीचा तुकडा मोडत बसली होती. दोन दिवस झाले, माझ्याशी धड बोलत नाही. धक्का बसलाय बिचारीला. त्या माणसाचं भलं होणार नाही.

गुरुवार, ७ मार्च

तूदाची आई आली होती. बाजाराच्या गाडीने, पाठीवर अक्रोडांची पिशवी. वसतिगृहाच्या ओट्यावर बसलो. तिला तमाझिग्तच येतं आणि मला मोडकंतोडकं, म्हणून तूदा मध्ये दुभाषी.

आई म्हणाली, तुम्ही हिला माझ्याहून जास्त जपता, देव तुमचं भलं करो. मग विचारलं, रागावता ना कधी हिला? मी म्हटलं, छे, कधीच नाही, रागवायला मला कारणच देत नाही ती. आईने मान हलवली आणि बराच वेळ काहीतरी बोलत राहिली. तूदाने खाली बघत सांगितलं, "आई म्हणते, ती मला मेंढरांवरून रोज रागावते, कारण मेंढरं माझ्या भरवशावर असतात. माझ्या धाकट्या भावाला कुणी रागवत नाही. त्याच्या भरवशावर काहीच नसतं."

खेड्यातल्या लोकांचं प्रेम असंच खडबडीत असतं. मी हसले आणि चहा ओतला. अक्रोड मात्र फार चांगले निघाले.

शनिवार, १३ एप्रिल

परीक्षा झाली. आमच्याच शाळेत केंद्र. मी अंगणात फेऱ्या मारत होते. खिडकीतून तूदा दिसत होती. पहिला अर्धा तास तिचं पेन थांबलं नाही. मग थांबलं. मग ते थांबूनच राहिलं. मला आत जाऊन तिच्या शेजारी बसावंसं वाटलं.

बाहेर आली तेव्हा ओठ पांढरे. म्हणाली, "पहिले दोन प्रश्न आले. बाकीचे कुठून धरायचे तेच कळलं नाही."

पेपर पाहिला. पाच प्रश्न, शेवटचे तीन ‘सिद्ध करा’. कुणी काढला हा पेपर? प्रांताच्या कचेरीत गाद्यागिरद्यांवर लोळणारे काढतात आणि भोगतात डोंगरातली मुलं. लीना हसत बाहेर आली. येणारच. तिचे मामा इंजिनियर आहेत.

शनिवार, २० एप्रिल

तूदाला सहा. लीनाला चौदा.

बुअज्जांनी कागद माझ्यासमोर सरकवला आणि म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं?" या तीन शब्दांसाठी हा माणूस जानेवारीपासून जगत होता. सतरा मिळवणाऱ्या मुलीला सहा मिळतात, म्हणजे परीक्षा खोटी आहे, एवढं साधं यांना कळत नाही. मी तसं बोललेही. अल्लाल खिडकीशी उभे होते. वळलेसुद्धा नाहीत.

मग बुअज्जांनीच एक पळवाट काढली. फेरपरीक्षेचा अर्ज करता येतो, फक्त गणिताच्या शिक्षकाने कारण द्यायचं: रोजचे गुण सतरा आणि परीक्षेत सहा, एवढा फरक का. "लिहा, मुलगी त्या दिवशी तापाने फणफणली होती. पालकाचा अंगठा घ्या. संपलं."

खोटं आहे, हो. पण त्यांच्या परीक्षेपेक्षा कमीच खोटं आहे. उद्या अर्ज लिहिते.

सोमवार, २२ एप्रिल

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

शाळा सुटल्यावर तूदाला वर्गात थांबवलं. अर्ज वाचून दाखवला. ताप, अशक्तपणा, वगैरे. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मला ताप नव्हता."

मी म्हटलं, अग, हे फक्त कागदासाठी.

तिने दप्तरातून एक गठ्ठा काढून माझ्या टेबलावर ठेवला. सगळी तिसरी पानं. माझ्याच अक्षरातली.

"लीनाकडून मागून आणली. ऑक्टोबरपासूनची बावीस आहेत. परीक्षेतला तिसरा प्रश्न यातल्या नवव्या पानावर आहे, फक्त आकडे बदललेत."

मी सांगायला लागले की तुम्हाला किती कामं असतात, भाषेचं ओझं असतं, मला तुमची काळजी. ती म्हणाली, "आम्हाला विचारलं होतं तुम्ही? रब्हाला झोपायला दहा वाजतात, मला नऊ. मला रोज एक तास मोकळा असतो, उस्ताजा. त्या तासात मी तुमची दोन पानं दोनदा करायचे."

तिचा आवाज चढत नव्हता, त्याचाच जास्त त्रास होत होता. चढला असता तर मला ओरडता आलं असतं.

म्हटलं, तू त्या अल्लालांच्या तासाला रडलीस, मी तुला वाचवलं. तेव्हा मात्र ती चिडली.

"मी रागाने रडत होते. मला अर्धं आलं होतं! लागोपाठच्या दोन संख्यांत एक सम असतेच, तिथवर मी पोचले होते, तीनचं राहिलं होतं. जाताना ते म्हणाले, पुढच्या शनिवारी इथूनच सुरू कर. तो आठवडाभर मी त्याचाच विचार करत होते. आणि पुढच्या शनिवारी त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, माझ्यात काही नाही हे त्यांना कळलं. तुमचं ‘कुणी हात लावणार नाही’ म्हणजे ते मला काही विचारणारच नाहीत, आणि तेही तुमच्या सांगण्यावरून, हे मला नंतर कळलं."

दाराशी जाऊन ती परत फिरली. "लीनाचं चुकलं की तुम्ही तिला पुन्हा करायला लावता. माझं चुकलं की माझी पाठ थोपटता. किती वेळा पाठ थोपटलीत, उस्ताजा. मला वाटायचं मी हुशार आहे."

ती गेल्यावर मी खुर्चीतून उठले नाही. शिपाई कुलूप घेऊन आला तेव्हा घरी आले.

मंगळवार, २३ एप्रिल

आजचा दिवस तिच्यावर रागावण्यात गेला. कृतघ्न मुलगी. सात वर्षं मी या पोरींसाठी कुणाकुणाशी भांडले, आणि फळ काय? तर माझ्याच टेबलावर माझाच गठ्ठा.

दुपारी भाजी चिरताना हात थांबला. बुअज्जा म्हणाले, कशाला चढावर पळवायचं. मी त्यांना तोंडावर मूर्ख ठरवलं आणि घरी येऊन तेच केलं, फक्त मायेने. ते निदान यादीत उघड लिहीत होते. मी टाचणी काढून पान लपवत होते. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, असं वर्गात मीच सांगते मुलांना.

आणि इज्जा. तिला तीन दिले, ती पडली, म्हणून खरे गुण देणं बंद केलं. पण तीन दिल्यावर तिच्याजवळ बसून "ये, आता हे पुन्हा करू" असं मी म्हटलं होतं का? नाही. वही परत दिली आणि दुसऱ्या वर्गात गेले. ती घरी राहिली तेव्हा एकदाही डोंगर चढून विचारायला गेले नाही. हे मी सात वर्षांत कुठेच लिहिलेलं नाही.

बुधवार, २४ एप्रिल

तापाचा अर्ज फाडला. नवा लिहिला. ‘रोजचे गुण आणि परीक्षेचे गुण यांतल्या फरकाला शिक्षिका जबाबदार आहे. वसतिगृहातल्या मुलींना मी वर्षभर सोपी पत्रकं आणि सोप्या चाचण्या दिल्या. अवघड भाग त्यांना शिकवलाच नाही. विद्यार्थिनीला परीक्षेच्या तयारीची संधी मिळालेली नाही, म्हणून फेरपरीक्षा मिळावी.’ खाली सही.

बुअज्जांनी वाचला आणि दार लावून घेतलं. म्हणाले, वेड लागलंय का, तुमच्या नोंदपुस्तकात शेरा येईल, शहरात बदली मागितली आहे ती विसरा. माझीही मान अडकेल. ताप काय वाईट होता? मी म्हटलं, मुलगी नको म्हणते. "सोळा वर्षांची पोरगी नको म्हणते म्हणून?" हो, म्हणून. प्रथमच तिला विचारलंय, तर तिचं ऐकायला नको?

मग अल्लालांकडे गेले. तक्रार मागे घेत असल्याचा कागद दिला. माफी मागायची होती, शब्द जुळवत होते. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. "माफीचं राहू द्या. शनिवारी तिला पाठवा. आणि तुम्ही दाराच्या काचेत उभ्या राहू नका, तिचं लक्ष तुमच्याकडे जातं."

खडूस म्हातारा. पण मला एक गोष्ट विचारायची होती, ती विचारली: मी सांगितलं म्हणून तुम्ही थांबलात कसे? तुम्हाला माहीत होतं ना की ती अर्ध्यावर पोचलीय? त्यांनी पहिल्यांदा नजर चुकवली. म्हणाले, "वय झालं, लल्ला. भांडायचा कंटाळा आला."

म्हणजे हेही. माझी चीड होती, यांचा कंटाळा होता, बुअज्जांची भीती होती, आणि मध्ये ती एकटी खडू धरून उभी होती.

गुरुवार, १६ मे

रमजानचा दहावा दिवस. पोट रिकामं, घसा कोरडा, डोकं गरम. निरीक्षकांचं पत्र आलं. मला लेखी ताकीद. तूदाला फेरपरीक्षा, पंचवीस तारखेला.

तीन आठवडे झाले, सातही जणींना तिन्ही पानं देते. रब्हाला वीसपैकी चार दिले. ती रडली. इज्जा डोळ्यांसमोर आली. पण या वेळी वही देऊन निघून गेले नाही. इफ्तारनंतर वसतिगृहात जाते, हरिरा सूपचे वाडगे बाजूला सारून तिथेच बसतो. स्वयंपाकाच्या बाईंशी भांडून भांड्यांची पाळी आठवड्यातून दोनच दिवस करून घेतली. हे भांडण मी सात वर्षांपूर्वी करायला हवं होतं. पान काढणं सोपं होतं, पाळी बदलणं अवघड.

तूदा माझ्याशी कामापुरतं बोलते. आज एका गणितावर अडकली. माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं. ती म्हणाली, "बोलू नका." मी ओठ दाबून बसले. अर्ध्या तासाने तिने चुकीचं उत्तर काढलं. मी काट मारली आणि म्हटलं, पुन्हा कर. तिने वही ओढून घेतली आणि पुन्हा केलं. आम्ही दोघी एकमेकींवर चिडलो होतो, आणि या वर्षातला हा माझा सगळ्यात चांगला तास झाला.

शुक्रवार, ३१ मे

निकाल आला. अकरा.

बारा लागतात. एक कमी.

मी प्रांताच्या कचेरीत फोन केला, ओरडले, एका गुणाने काय आभाळ कोसळतं म्हटलं. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला की नियम सगळ्यांना सारखा आहे. सारखा! फोन आपटला. बुअज्जा या वेळी "म्हटलं नव्हतं" म्हणाले नाहीत. अल्लाल माझ्यासमोर येऊन बसले.

तूदाला मीच सांगितलं, शाळेमागच्या भिंतीपाशी. ती विज्ञान शाखेत जाईल, इथेच, माझ्याच वर्गात. वाईट नाही ते. पण शहरातली ती वाट तिच्यासाठी बंद झाली. ती रडली नाही. भिंतीला टेकून तिने विचारलं:

"उस्ताजा, पाच आठवड्यांत सहाचे अकरा झाले. ऑक्टोबरपासून दिली असती पानं, तर किती झाले असते?"

मी गणित शिकवते. एवढं गणित मला येतं. आजवर मी तिला अवघड ते कधी सांगितलं नव्हतं. आज सांगितलं.

"पास झाली असतीस," मी म्हटलं. "सहज."

तिने मान हलवली, जशी बरोबर उत्तर आल्यावर हलवते, आणि वसतिगृहाकडे चालू लागली.